टिटवीने बोलावलेली सभा

फार पूर्वी तळ्याकाठच्या वडावर पाखरांची सभा भरायची. टिटवीला फांदीवर बसता येत नसे, म्हणून ती खाली उभी राहून ऐकायची. मुंगूस अंडी पळवतं, पहारा ठेवा, असं ती दर वेळी सांगायची. सरपंच बगळेबुवा म्हणायचे, "पुढच्या सभेत बघू."

ऐकता ऐकता तिच्या लक्षात आलं, की वर बोलणाऱ्या कुणाचंच घरटं जमिनीवर नाही.

"पुढची सभा माझ्या घरट्यापाशी घ्या," ती म्हणाली. फराळाच्या आशेने सगळे आले.

चर्चा रंगली असतानाच गवतातून मुंगूस आलं. पाखरं भर्रकन उडाली. टिटवी मात्र अंड्यांपुढे पंख पसरून ओरडत राहिली. ते पाहून बाकीचे परतले आणि सगळ्यांनी मिळून मुंगसाला पिटाळलं.

धापा टाकत बगळेबुवांनी विचारलं, "पहारा कधीपासून हवा?"

"आजपासून," टिटवी म्हणाली, "आणि पहिली पाळी तुमची."