न कुजणारा द्रोण

पूर्वी सुवेलनगरीत दंडसेन नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व द्रोण बनवणाऱ्यांच्या श्रेणीत, म्हणजे कारागिरांच्या संघात, श्रेणीप्रमुख कुंभसेनाच्या घरी जन्माला आला. रीतीप्रमाणे त्याला तक्षशिलेला शिकायला धाडले. आचार्य जे शिकवतात ते आचार्यांनाच नीट ठाऊक नाही, हे दोन वर्षांत त्याच्या लक्षात आले आणि तो अर्ध्यावरच परत आला. घरच्यांनी नावे ठेवली. त्याने ती ऐकून घेतली आणि बापाच्या कारखान्यात कामाला लागला.

कुंभसेनाने तरुणपणी एक युक्ती काढली होती. पळसाच्या द्रोणाला दोन्ही बाजूंनी राळेचा लेप द्यायचा. साधा द्रोण गळतो, भिजतो, दुसऱ्या दिवशी गुरे खातात किंवा उकिरड्यात त्याची माती होते. लेपाचा द्रोण गळत नसे, भिजत नसे, आणि त्याची मातीही होत नसे. आतले पान कुजून जाई, लेप तसाच उरे. घरोघरी, खानावळीत, देवळात, लग्नात हाच द्रोण आला. एकदा वापरायचा आणि मंदा नदीत टाकून द्यायचा. नदी तो घेऊन जाई. कुठे, हे कुणी विचारत नसे, कारण ज्यांना ते ठाऊक होते ती माणसे नगराच्या खालच्या अंगाला राहत.

तिथे नदीला वळण होते आणि वळणावर मासे धरणाऱ्या धीवरांची वस्ती होती. वस्तीतले पावसाचे पाणी एका नाल्याने नदीत उतरे. वरून वाहत आलेले द्रोण वळणावर काठाला लागत आणि नाल्याच्या तोंडात जाऊन बसत. एका वर्षी ते तोंड पुरते बुजले. चैत्रात अवकाळी पाऊस झाला, पाण्याला उतरायला वाट राहिली नाही, ते घरांत उलटले. सात माणसे मेली. त्यांत चंपिका नावाच्या धीवरणीची आई होती. म्हातारी खाटेला खिळलेली होती. चंपिका होड्या काठाला बांधून ठेवायला गेली होती. ती परत आली तेव्हा खाट आढ्याला टेकली होती.

पाणी ओसरल्यावर चंपिका नगरात आली आणि कुंभसेनाच्या दुकानात तिने टोपली पालथी केली.

"हे तुमचं. ओळख पटते का बघा."

प्रत्येक द्रोणाच्या बुडाशी बनवणाऱ्याचा ठसा असे. कुंभसेनाचा ठसा कमळाचा. बोधिसत्त्वाने एक द्रोण उलटला, दुसरा उलटला, मग उलटायचे थांबला.

"बाई, आम्ही बनवतो. नदीत टाकणारे वेगळे," तो म्हणाला.

"होय ना. बनवणारे वेगळे, टाकणारे वेगळे, मरणारे वेगळे. मग आमच्या दारात कमळ कशाला फुललं, धाकटे शेठ?"

बोधिसत्त्व तिच्यामागून वस्तीत गेला, नाला पाहिला, सात घरे पाहिली, आणि तिथून थेट श्रेणीच्या सभेत आला.

सभेत वडीलधारे बसले होते. वय झाले की अक्कल येते असा त्या नगरीत समज होता आणि तो तपासून पाहण्याची पद्धत नव्हती.

"नदीकाठी वस्ती करायचीच कशाला?" एक म्हातारा म्हणाला. त्याचे स्वतःचे घर नदीकाठीच होते, फक्त वरच्या अंगाला.

"आमच्या वेळी याच्या दुप्पट पाऊस पडायचा. कुणी बुडालं नाही," दुसरा म्हणाला.

"तुमच्या वेळी द्रोण कुजत होता, काका," बोधिसत्त्व म्हणाला.

"तक्षशिलेला हेच शिकवलं वाटतं!"

"तिथंही काही शिकवलं नाही, म्हणून तर परत आलो."

कुंभसेनाने घसा खाकरला. त्याने दोन ठराव मांडले. पहिला, यापुढे द्रोणाच्या बुडाशी ठसा मारू नये, म्हणजे कुणी टोपली घेऊन दारात येणार नाही. दुसरा, नदी कोपली आहे म्हणून माणसे बुडाली. तेव्हा ज्येष्ठी पौर्णिमेला महाराजांच्या हस्ते नदीची पूजा करावी आणि दहा हजार दिवे पाण्यात सोडावेत. साध्या द्रोणातली पणती अर्ध्यात बुडते, हे अशुभ. म्हणून दिवे राळेच्या द्रोणात सोडावेत. ते द्रोण अर्थातच श्रेणी पुरवील. दोन्ही ठराव एकमताने झाले. बोधिसत्त्वाला कुणी मत विचारले नव्हते.

घरी आल्यावर तो बापाला म्हणाला, "तात, पौर्णिमेनंतर पंधरवड्यात पाऊस लागतो. दहा हजार द्रोण नाल्याच्या तोंडात बसले तर या खेपेला सातावर थांबणार नाही."

"नदी आई आहे. ती सगळं पोटात घेते."

"घेत नाही. वळणावर ओकते. मी जाऊन बघितलंय."

"माझ्यामागे हा कारखाना तुझाच आहे. द्रोण करायला बसतोस की नाही?"

"नाही बसत."

"मग या घरात तुझं काय काम?"

बोधिसत्त्वाने विचार करून पाहिला. काही काम दिसेना. तेव्हा तो निघाला आणि धीवरांच्या वस्तीत जाऊन राहिला.

पौर्णिमेला दीड महिना होता. धीवर आणि बोधिसत्त्व मिळून नाल्याचे तोंड मोकळे करू लागले. निघालेले द्रोण ते कढईत वितळवत आणि त्या राळेने होड्यांच्या भेगा भरत. राळ वितळते हे श्रेणीतल्या प्रत्येकाला ठाऊक होते. पण नवी राळ रानातून फुकट मिळत होती, मग जुनीसाठी चूल कोण पेटवणार? बोधिसत्त्वाचे हात भाजले. चंपिका म्हणाली, "शेठ, कढई ढवळताय की ओवाळताय?" आणि तिने लांब दांड्याचा पळा त्याच्या हातात दिला.

पौर्णिमेला तिन्हीसांजेच्या सुमारास राजा, दरबार आणि श्रेणीचे वडीलधारे राजघाटावर जमले. राजाने पहिला दिवा सोडला, मागोमाग बाकीचे सुटले. सगळी नदी उजळली. दृश्य सुंदर होते, हे कबूल केले पाहिजे.

वळणावर धीवरांनी या काठापासून त्या काठापर्यंत जाळी लावली होती. बोधिसत्त्व छातीइतक्या पाण्यात उभा राहून एकेक दिवा उचले, फुंकर मारी आणि द्रोण टोपलीत टाकी. दिवे वळणापाशी विझताना घाटावरून दिसले. एकच ओरडा झाला. राजा नावेत बसून खाली आला, मागून वडीलधाऱ्यांच्या नावा आल्या.

"माझा दिवा तू विझवलास?" राजाने विचारले.

"तुमचा कुठला ते ओळखू आलं नाही, महाराज. हल्ली खाली ठसा नसतो."

"हा नदीचा अपमान आहे."

"नाला इथून दोनशे पावलांवर आहे. पंधरा दिवसांत पाऊस येईल आणि ह्या घरांतलं पाणी त्याच वाटेनं जायचंय. चालत येता का? दाखवतो."

राजाने काठावरचा चिखल पाहिला. मग आपल्या चांदीच्या पादुका पाहिल्या. मग तो कुंभसेनाकडे वळला. "हा तुझा मुलगा ना? याला काय शिक्षा करावी?"

"मला मुलगा नाही, महाराज," कुंभसेन म्हणाला. वडीलधाऱ्यांनी माना डोलावल्या.

राजाने फर्मावले की याने जन्मभर नगरीत पाऊल टाकू नये, धीवरांच्या वस्तीतच राहावे. नावा परत गेल्या.

"शिक्षा झाली म्हणे," चंपिका म्हणाली.

"झाली."

"काय?"

"इथंच राहायचं."

"मग ती टोपली उचला. अजून दिवे येतायत."

बाराव्या दिवशी पाऊस लागला. तो सलग तीन दिवस पडला. वस्तीत पाणी घोट्यापर्यंत चढले, प्रहरभर थांबले आणि नाल्याने नदीत उतरले. कुणी मेले नाही.

वरच्या नगरीत वडीलधाऱ्यांनी ही वार्ता ऐकली आणि ते म्हणाले, "बघा. नदी प्रसन्न झाली. दिव्यांचं फळ मिळालं." राजालाही ते पटले. त्याने कुंभसेनाला मानाची छत्री दिली आणि ही पूजा दरवर्षी व्हावी, पुढल्या वर्षी वीस हजार दिवे सोडावेत, असा आदेश काढला.

आदेश वस्तीत पोचला तेव्हा बोधिसत्त्व जाळे दुरुस्त करीत बसला होता. त्याने हातातले सूत मोजून पाहिले. मग त्याने चंपिकेला विचारले, "जाळं किती वाढवायचं?"

"दुप्पट," ती म्हणाली आणि सुताचे आणखी एक रीळ त्याच्यापुढे ठेवून गेली.

तो जगला तोवर दरवर्षी वळणावर जाळे लागले. वस्तीत पुन्हा कुणी बुडाले नाही. दरवर्षी त्याचे श्रेय दिव्यांना मिळाले.

शास्त्याने, म्हणजे बुद्धाने, ही कथा एका विहारामागच्या ओढ्याकाठी सांगितली. तिथले थेर, म्हणजे वृद्ध भिक्खू, उष्टे आणि फुटकी मडकी ओढ्यात टाकत, सुभगा नावाची तरुण भिक्खुणी ती रोज बाहेर काढी, आणि हिला मोठ्यांचा मान ठेवता येत नाही अशी थेरांची तक्रार होती. कथा संपवून शास्ता म्हणाला, "तेव्हाचा राजा म्हणजे हा विहार बांधून देणारा दाता. कुंभसेन म्हणजे ज्येष्ठ थेर उपसाल. श्रेणीतले वडीलधारे म्हणजे आज पुढच्या रांगेत बसलेले थेर. चंपिका म्हणजे सुभगा. आणि द्रोण करायला नकार देणारा तो मुलगा मीच होतो."

पुढच्या रांगेने मान डोलावली. गोष्ट चांगली आहे, असे त्यांचे मत पडले.

त्या जन्मात बोधिसत्त्वाने वीर्यपारमिता, म्हणजे अथक प्रयत्नाची साधना, पुरी केली. श्रेय दुसऱ्याला जाणार हे ठाऊक असताना तेच काम पुन्हा करायला पाण्यात उतरणे, याला वीर्य म्हणतात.