झुपकीएवढी फट

दोन धबधब्यांच्या मधोमध एक राज्य होतं, आणि त्या राज्यात बोललेलं कुणाला ऐकू जात नसे.

दोन्ही बाजूंनी पाणी कोसळत असे आणि त्या गर्जनेत भल्याभल्यांचे आवाज वाहून जात. ढोलीच्या आत, कानाला तोंड लावून, मायलेकींचं किंवा सासूसुनांचं जे काही चाले तेवढंच बोलणं. बाकी सगळा कारभार फळीवर होई. सागाच्या फळीवर खुंट्यांच्या रांगा बसवलेल्या असत. प्रत्येक खुंटीचा नाद वेगळा. बोटांनी त्या ठोकल्या की नादांची माळ पाण्यावरून आरपार पलीकडे जाई. पूर येतोय, वाघळांचा थवा उतरतोय, अमक्याच्या घरी बारसं आहे, सगळं फळीवरून. म्हणून फळी ठोकणाऱ्यांना त्या राज्यात मोठा मान होता.

पहिली फळी एका चिचुंद्रीने ठोकली होती. चिचुंद्रीच ती, तिचे हात हनुवटीखालीच फुटलेले, एकमेकांना खेटून. फळी तिच्या मापाने बेतली, यात कुणाचं काही चुकलं नाही. पुढे चिचुंद्री गेली, पिढ्या गेल्या, माप मात्र राहिलं. रुंद खांद्यांची उदमांजरं आली, लांब हातांच्या खारी आल्या. सगळ्यांनी कोपरं बरगड्यांत खुपसली, मनगटं बाहेरच्या अंगाला मुडपली आणि चिचुंद्रीच्या फळीवर ठोकायला घेतलं. साहजिकच मनगटं सुजत. सुजली की दरबारातून आंबेहळदीचा गरम लेप येई आणि त्यावर पट्टी बांधली जाई. ती पट्टी मग सोडायची नाही, असा रिवाज पडला. फळीपूजनाच्या दिवशी ज्याच्या हातावर जास्त पट्ट्या, तो पुढच्या ओळीत.

केतकी नावाच्या खारीच्या हातांवर दोन पट्ट्या होत्या, आणि त्यांचा तिला अभिमान होता. तो खोटा नव्हता. तिची बोटं चपळ होती, तिचा निरोप कधी चुकत नसे, आणि लग्न ठरताना सासूबाईंनी तिची शेपटी पाहायच्या आधी मनगटं पाहिली होती. स्वतः सासूबाईंच्या हातांवर कोपरापर्यंत पिवळंधमक होतं. त्यांना आता शेंगदाण्याचं टरफलही सोलता येत नसे, पण हे त्या तक्रार म्हणून नव्हे, पदवी सांगावी तसं सांगत.

मग झुपकी झाली. झुपकी म्हणजे केतकीचं पिल्लू. अंगापेक्षा शेपटी मोठी आणि शेपटीपेक्षा हट्ट मोठा. लेकुरवाळ्यांना घरी फळी आणून ठोकायची मुभा होती. तशी मुभा घेणाऱ्यांची बढती तिथेच थांबे, हे कुठे सांगितलेलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. केतकीने मुभा घेतली आणि दोन्ही बाजूंनी काळजी करायला सुरुवात केली. ठोकताना तिला पिल्लाची काळजी, पिल्लाजवळ ठोकण्याची. उरलेल्या वेळात, आपण काळजी जरा जास्तच करतो की काय, याची.

एके दिवशी दुपारी तिने झुपकीला ढोलीच्या तोंडाशी उचलून धरलं आणि मनगटाने दगा दिला. बोटं आपोआप उघडली. झुपकी घसरली. शेपटीचा झुपका सालीच्या खाचेत अडकला म्हणून ती लोंबकळत राहिली, नाहीतर खाली पाणीच होतं.

झालं काहीच नाही. सासूबाईंनी मिरच्या ओवाळल्या, झुपकी थोडा वेळ रडली आणि विसरली. निदान केतकीला तसं वाटलं. पण त्यानंतर झुपकी तिच्याकडे बघून हात वर करीनाशी झाली. बाहेर बघायचं असलं की ती मुकाट्याने एक सुकलेलं फळ ढकलत आणी, त्यावर चढे आणि आपलं आपण बघे. केतकी ठोकता ठोकता हे पाही. दुखत होतं ते सहन करण्यासारखं होतं. हे मात्र नव्हतं.

दुसऱ्या कुणाच्या मनगटाला असं होत नसेल, आपल्याच हाडांत काहीतरी कमी असेल, अशी तिची खात्रीच होती. तरी ती फळ्यांच्या बाजारात गेली.

बाजार एका मोठ्या पोकळ खोडात भरे. जाड सालीमुळे पाण्याची गर्जना आत बोथट होई आणि जवळ उभं राहून बोललेलं ऐकू येई. तिथलं मोठं दुकान खेकडेशेठचं. शेठच्या दोन्ही नांग्या दोन दिशांना ऐसपैस पसरलेल्या असत. त्यांना स्वतःला फळीवर कधी बसावं लागलं नव्हतं. त्यांनी आडवं चालत एकेक फळी पुढे आणली. ही बघा ताई, म्हणाले, हिच्यावर पहिल्याच पावसाळ्यात पट्टी पडते. आमच्याकडची फळी नेऊन कुणी बिनपट्टीचं राहिलंय, असं एक उदाहरण दाखवा. आजूबाजूची गिऱ्हाइकं माना डोलवत होती. फळी ठोकून बघायची, मनगटात कळ किती लवकर येते ते जोखायचं आणि जिची कळ लवकर ती चांगली, अशी तिथली पारख होती. केतकीनेही आयुष्यभर तशीच पारख केली होती. आज तिने आवाज खाली आणला.

"माझ्या मावसबहिणीसाठी हवी होती. जरा कमी दुखणारी."

शेठचे डोळे देठांसकट तिच्याकडे वळले. "कमी दुखणारी? मग चारचौघांत दाखवणार काय तुमची मावसबहीण?"

पण शेठ दुकानदार होते. रिकाम्या हाताने परत पाठवणं त्यांच्या धर्मात बसत नव्हतं. त्यांनी आतल्या कप्प्यातून काही चिजा काढल्या. एकीच्या खुंट्या भेंडाच्या होत्या, लोण्यासारख्या मऊ. ठोकल्या तरी नाद निघेना. एक फळी उतरती होती. केतकीची बोटं सगळी खालच्या रांगेत येऊन जमली. शेवटी शेठनी मनगटाखाली शेवाळाची उशी लावलेली एक फळी पुढे केली. केतकीने तिच्यावर हात ठेवले. गार वाटलं. कोपरं बरगड्यांतच होती, मनगटं तशीच मुडपलेली होती, पण गार वाटलं. तिने ती घेतली. वाटेत तिला वाटत राहिलं की आपण फळी नाही, फुंकर विकत घेतली.

आठवडाभर तिने स्वतःला बजावलं की फरक पडतोय. शेवाळ ओलं राही, ओल फळीत मुरे, आणि फळीच्या मधोमध एक काळसर रेघ उमटू लागली. दुखणं होतं तिथेच होतं. आता फक्त ते ओलं होतं.

एका सकाळी वरच्या धबधब्याकडून निरोप आला की पाणी चढतंय, खालच्या वस्तीला कळवा. असा निरोप पोचवताना ठोकणाऱ्याने मध्ये थांबायचं नसे. केतकीने सुरुवात केली. तेवढ्यात फळावर चढून बाहेर बघणाऱ्या झुपकीला काय वाटलं कोण जाणे, तिने तिथून थेट उडी मारली, ती आईच्या दोन हातांच्या मध्ये, फळीवर. काळ्या रेघेवरून फळी मोडली. अर्धी डावीकडे गेली, अर्धी उजवीकडे, आणि मधल्या फटीत झुपकी बसून राहिली, जणू ही जागा तिच्यासाठीच राखून ठेवली होती.

त्या राज्यात फळी मोडणं हा राजद्रोहाच्या खालोखालचा गुन्हा होता. केतकीने झुपकीला बाजूला करायचा प्रयत्न केला; झुपकीने शेपटी अंगाभोवती गुंडाळून घेतली. निरोप तर अर्ध्यावर होता आणि खाली वस्ती होती. शेवटी केतकीने डावा हात डाव्या तुकड्याकडे नेला, उजवा उजव्याकडे, आणि पिल्लाच्या डोक्यावरून समोर बघत ठोकत राहिली.

निरोप संपल्यावर तिच्या लक्षात आलं की तिचे खांदे खाली आले आहेत. कोपरं बरगड्यांपासून सुटली होती. मनगटं हाताच्या रेषेत सरळ होती, ओंजळ पुढे करावी तशी. खालच्या वस्तीतून उलटा निरोप आला: सगळे वर चढले, आणि आज कोण ठोकत होतं? नाद फार स्वच्छ आला.

केतकीने उत्तरात नुसतं आपलं नाव ठोकलं. तिला वाटलं होतं त्यापेक्षा ते जोरात वाजलं.

त्यानंतर तिने तुकडे जोडले नाहीत. फटीचं माप झुपकीचं. झुपकी आत नसेल तेव्हाही ती तेवढीच ठेवायची. तुकडे बाहेरच्या अंगाला जरासे तिरके करून पाहिले, बरं वाटलं. मग त्यांच्या आतल्या कडांखाली एकेक चपटा खडा सरकवला, आणखी बरं वाटलं. हे सगळं ती चोरी केल्यासारखी करत होती. आपल्याला सोपं जातंय म्हणजे आपण कामचुकारपणा करतोय, हे तिच्या मनातून जाईना. पण सूज उतरत गेली. पट्ट्या सैल झाल्या, आणि एका सकाळी झुपकीला विंचरताना दोन्ही हातांतून गळून पडल्या. फळीपूजन तोंडावर आलं होतं.

सासूबाईंनी गळलेल्या पट्ट्या पाहिल्या, तुकडे पाहिले, तुकड्यांच्या मध्ये झोपलेली नात पाहिली. मग त्यांनी आपला हात पुढे केला.

"यातली एक सोड आणि बांध तुला. एवढ्या आहेत माझ्या, कोण मोजतंय?"

केतकीने गाठ सोडायला घेतली. पट्टीखाली सासूबाईंचं मनगट वाळक्या शेंगेसारखं वाकडं झालं होतं. तिने ती गाठ परत बांधली, पहिल्यापेक्षा जरा हळुवार.

"नको आई. जाते तशीच."

"बघ बाई," सासूबाई म्हणाल्या. "मी आपली तुझ्या शेजारी बसेन. आधी कधी शेवटच्या ओळीत बसले नाहीये, तेही होऊन जाईल."

फळीपूजन डोंगराच्या पोटातल्या गुहेत होई. पाण्याचा आवाज तिथे पोचत नसे, म्हणून वर्षातून तेवढ्या एका दिवशी सगळे मोठ्याने बोलत. मधोमध समई लावलेली होती. पुढच्या ओळीत मानकरी बसले होते, आणि प्रत्येकाच्या मागे त्याचं ताट धरायला एकेक ताटवाला उभा होता. इतक्या पट्ट्या असलेल्यांनी स्वतः काही उचलायचं नाही, यातच त्यांची शोभा होती. सगळ्यांच्या पुढे आबासाहेब. ते म्हातारं उदमांजर राज्यातलं सर्वांत थोर ठोकणारं होतं. त्यांच्या पट्ट्या बगलेपर्यंत गेल्या होत्या. घास भरवायलाही त्यांना नोकर होता.

ओळींवरून नजर फिरवत आबासाहेब शेवटच्या ओळीशी थांबले. पुराच्या दिवशीचा निरोप तुझा ना, असं त्यांनी विचारलं, आणि तसा नाद आपण वर्षानुवर्षं ऐकला नव्हता, असंही म्हणाले. मग त्यांचं लक्ष तिच्या हातांकडे गेलं.

"पट्ट्या कुठायत?"

"गळून पडल्या, आबासाहेब."

"आणि फळी?"

इथे केतकीला किती तरी सांगता आलं असतं. शेवाळाची ओल होती, पिल्लाने उडी मारली, माझा काही हात नव्हता.

"मोडली," ती म्हणाली. "मोडलेल्या फळीवरच ठोकते मी. तशीच चांगली ठोकली जाते."

ताटवाल्यांनी ताटं घट्ट धरली. सासूबाईंनी हळूच सुनेच्या जरा पुढे सरकून घेतलं.

झुपकीला यातलं काही कळत नव्हतं. तिला समई बघायची होती, आणि पुढे सगळ्या मोठ्यांच्या पाठी होत्या. तिने इकडेतिकडे एखादं सुकलेलं फळ शोधलं. मिळालं नाही. मग ती आईकडे वळली, क्षणभर थांबली आणि तिने दोन्ही हात वर केले.

केतकीने तिला एका झटक्यात उचललं आणि खांद्यावर बसवलं. मनगटं हलली नाहीत. झुपकी समईकडे बघून हसली आणि केतकी ताठ मानेने, आपण कुठे उभ्या आहोत हे पार विसरून, त्या भरल्या गुहेत लेकीला हवं तितका वेळ दिवा दाखवत उभी राहिली.

पुढच्या ओळीत आबासाहेबांचे हात नकळत वर येऊ लागले होते. काहीतरी घ्यायला यावेत तसे ते छातीपर्यंत आले आणि तिथेच अडकले. ताटवाल्याला वाटलं, मालकांना तहान लागली. त्याने पाण्याचं भांडं पुढे केलं. आबासाहेबांनी ते पाहिलंही नाही. पूजन तसंच आटोपलं. शिक्षेचं कुणी काही बोललं नाही, आणि त्याने केतकीची काळजी वाढलीच.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर ढोलीच्या तोंडाशी सावली पडली. आबासाहेब आले होते, एकटे, ताटवाल्याशिवाय. काखेत त्यांची ती प्रसिद्ध फळी होती. सासूबाईंनी घाईघाईने पदर सावरला. केतकी तुकड्यांपुढे जाऊन उभी राहिली. न्यायचेच असतील तर आधी तिच्याशी गाठ होती.

आबासाहेबांनी खांदा उतरता करून फळी खाली सोडली. तिच्या कडांवर दगडाचे ताजे घाव होते, मधोमध दातांच्या खुणा होत्या. फळी मात्र अखंड होती. ते धापा टाकत होते. केतकीकडे न बघता त्यांनी तिच्यामागची तुकड्यांमधली फट पाहिली, फटीएवढंच पिल्लू पाहिलं. मग ते खाली वाकले आणि तिच्या पायांमागून डोकावणाऱ्या पिल्लाच्या कानाशी तोंड नेलं.

"जरा इथे बसतेस का गं, बाई?"

झुपकीने आईकडे पाहिलं. केतकी बाजूला झाली. मग झुपकीने शेपटी सावरली आणि सिंहासनावर बसावं तशी, फळीच्या अगदी मधोमध जाऊन बसली.