बकुळाबाईंचा जाहीर प्रवेश

फार लांब नाही, घाट उतरलं की करवंदीचं रान लागायचं. तिथं गवेमहाराजांचं राज्य होतं. निवडणूक दर पाच वर्षांनी व्हायची, महाराज दर पाच वर्षांनी निवडून यायचे. सगळं कसं सुरळीत होतं.

त्या साली शेजारच्या रानांचा फुटबॉल चषक करवंदीत भरला. साखळी फेरीच्या अ गटात करवंदीसमोर पाणथळ, बांबूबन आणि खडकाळ. तिघांशी खेळायचं, पहिल्या दोघांनी पुढं जायचं.

करवंदीच्या गोलरक्षक बकुळाबाई घोरपड. म्हणजे आपल्या नावाला! बारा वर्षं त्यांनी संघाच्या सभांना सतरंज्या अंथरल्या आणि उचलल्या. पकड अशी, की पंजात आलेलं सुटायचं नाही. एकदा तरी गोलात उभं राहायचं, एवढाच त्यांना ध्यास होता.

पहिल्या सामन्यात गोलात महाराजांचा भाचा उभा राहिला. मध्यंतरापर्यंत पाणथळच्या पाणमांजरानं तीन गोल ठोकले. मध्यंतरानंतर बघतात तर काय, पाणमांजर करवंदीची जर्सी घालून हजर!

"रानाच्या विकासासाठी मी हा निर्णय घेतला," ते माईकवर म्हणालं. "आणि पाणथळचा खरा संघ मीच आहे. माझे गोल माझ्याबरोबर येतील."

पंच कासवानं नियमावली चाळली. गोलांनी कुठं जाऊ नये, असं तिच्यात कुठंच लिहिलेलं नव्हतं. करवंदी तीन-शून्यनं जिंकली.

दुसऱ्या सामन्याला बकुळाबाई हातमोजे चढवून बसल्या. पण बांबूबनचा गोलरक्षकच मैदानाच्या फाटकात फुटून इकडं आला, आणि येण्याआधी त्यानं जागा मागून घेतली होती.

"बाई, तुम्ही घरच्या," संघ व्यवस्थापक मुंगूसराव म्हणाले. "घरच्यांनी समजून घ्यायचं असतं."

बाईंनी समजून घेतलं. मग मांडवामागं जाऊन मनसोक्त रडल्या, आणि येताना सतरंजी घेऊन आल्या.

तोही सामना करवंदीनं जिंकला, आणि पाणथळ-बांबूबनचे उरलेलेही इकडं आले. खडकाळचा संघ तर तिसऱ्या सामन्याच्या आदल्या दिवशीच अख्खाच्या अख्खा करवंदीत आला. महाराजांनी पेढे वाटले. तेवढ्यात कासव खाकरलं, "समोर कोणी नसेल, तर सामना धरता येत नाही."

मुंगूसरावांनी कपाळाला हात लावला. समोर उभं करायला आणायचं कुणाला? नवे आलेले सगळे मानाचे. शेवटी सतरंज्या उचलणारे अकराजण गोळा केले आणि त्यांना खडकाळच्या उरलेल्या जर्स्या घातल्या.

"सात गोलांनी हरायचं. रानासाठी!" त्यांनी बजावलं.

"गोलात कोण?" बाईंनी विचारलं.

"तुम्हीच की."

पुढचं बाईंना ऐकूच आलं नाही. दोन खांबांमध्ये उभं राहिल्यावर त्यांचा ऊर भरून आला. पाणमांजरानं चेंडू हाणला. बाईंनी तो धरला. आता सोडा म्हणून मुंगूसराव ओरडले, पंचांनी शिट्टी फुंकली, दोघा बैलांनी ओढून पाहिलं. छे! बाईंना सोडायची सवयच नव्हती. सामना शून्य-शून्य सुटला. गटात दुसरं कोणी उरलंच नव्हतं, म्हणून बाईंचा संघ दुसरा आला आणि पुढच्या फेरीत गेला. प्रेक्षकांनी बाईंना डोक्यावर घेतलं.

महाराज हबकले. "ही कोण बाई?"

"आपलीच, महाराज," मुंगूसराव म्हणाले. "बारा वर्षांपासून."

"आपली आहे, तर मी ओळखत कसा नाही?"

"आपली आहे म्हणूनच, महाराज."

"ते काही नाही. कर्णधारपद द्या, काय मागेल ते द्या, पण तिला आपल्यात आणा!"

दुसऱ्या दिवशी भव्य सोहळा ठरला. ढोल आले, हार आले, स्वागताला पाणमांजरसाहेब उभे राहिले. सतरंजी अंथरायला मात्र कोणीच नव्हतं. मग बकुळाबाईंनीच ती अंथरली, सुरकुत्या काढल्या, आणि तिच्यावरून चालत जाऊन, बारा वर्षं ज्या संघात होत्या त्याच संघात जाहीर प्रवेश केला.