सरकवाडी नदीपासून लांब का

थोरल्या गडावर येणारे लोक तटावरून खाली बघतात आणि हमखास विचारतात, नदी इथं, भैरोबाचं देऊळ इथं, मग सरकवाडी गाव तेवढं कोसभर लांब, त्या उघड्या माळावर का?

गाव आधी नदीकाठीच होतं, असं सांगतात. समोर दिसतो तो धाकटा गड. दोन्ही किल्लेदारांचं हाडवैर, आणि गाव मधल्या खोऱ्यात. थोरल्या गडावर बयाजी लोहार जंजाळी घडवायचा. जंजाळ म्हणजे दोघांनी उचलायची लांब नळीची बंदूक. तटावर टेकवून डागायची, गोळी आवळ्याएवढी. नळी जितकी लांब, तितका पल्ला मोठा.

बयाजीची पहिली जंजाळ पाच हातांची. चाचणीची गोळी गावाच्या खळ्यात पडली, एक म्हैस मेली. गावानं घरं उचलली आणि खोऱ्याच्या तोंडाकडं सरकलं. मग धाकट्या गडावर सहा हातांची झाली. तिथला लोहार मल्हारी, बयाजीचाच साडू. गाव पुन्हा सरकलं. बयाजीनं सात हातांची केली, तिच्या गोळीनं अंगणात बसलेला गोजराबाईचा म्हातारा गेला. गाव तिसऱ्यांदा उठलं.

चाचण्या बयाजीच करायचा. धक्क्यांनी त्याचा खांदा निकामी होत आला होता, कान बधिर झाले होते. तरी किल्लेदार म्हणाला, "आता आठ."

भट्टी पेटली होती, तेव्हा गोजराबाई गड चढून आली. त्याला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं बोलली.

"बयाजी, तुझी गोळी शेवटी कुठवर जाणार ते एकदाच सांगून टाक. तिथंच जाऊन घरं बांधतो. घरांचे कूड उचलून उचलून हात गळाले रे."

"काय सांगू, मावशी? मी आठ हातांची केली की मल्हारी नऊची करणार."

"मग तुम्ही दोघं दमणार कधी, तेवढं सांग."

आपण कधीचेच दमलोय, हे बयाजीला तेव्हा कळलं म्हणे. त्यानं हातोडा खाली ठेवला तो ठेवलाच. साडूला निरोप धाडला, 'मी थांबलो. तुझं तू बघ.'

किल्लेदारानं त्याच्या उजव्या हाताचा अंगठा तोडवला आणि त्याला गडाखाली हाकललं. बयाजी गावाच्या नव्या वस्तीवर येऊन राहिला. आठव्या दिवशी मल्हारी नदी उतरून आला. त्याच्याही उजव्या हाताला फडकं बांधलेलं होतं.

 गोजराबाईनं दोघांपुढं एक भाकरी ठेवली. एका हातानं मोडेना, तेव्हा एक कड बयाजीनं धरली, दुसरी मल्हारीनं.

पुढं लोक म्हणाले, आता नदीकाठी परत जाऊ. म्हातारी म्हणाली, "आता मला उठवू नका." गाव तिथंच राहिलं.

आजही सरकवाडीचे लोहार विळे करतात, फाळ करतात, पण हातभरापेक्षा लांब लोखंड ओढत नाहीत. आणि त्यांच्या लग्नात पंगतीची पहिली भाकरी दोन साडू मिळून, डाव्या हातांनी मोडतात. तेवढा वेळ वाजंत्री थांबतात.