अडतीस किलोचा फणस आणि नऊ ठिपके

कातळगडच्या राजेसाहेबांचा फोन उघडेना, आणि शिक्षा झाली ड्रायव्हर रुपेशला!

राज्य जाऊन पिढ्या लोटल्या, पण हुकूम सोडायची सवय काही गेली नव्हती. राजेसाहेब झोपाळ्यावरून कडाडले, "उद्या दुपारी बारापर्यंत फोन उघडला पाहिजे! आतलं काही पुसलं जाता कामा नये. माझ्याशिवाय कुणी फोनला हात लावायचा नाही. आणि 'जरा आठवून बघा' असं जो म्हणेल त्याला फाटकाबाहेर काढीन! नाही जमलं, तर किल्ल्या ठेव, खोली रिकामी कर आणि चालू लाग!"

रुपेशचा गुन्हा एवढाच, की त्याने एक प्रश्न विचारला होता. राजेसाहेबांची बोटं फणसाच्या चिकाने बारा महिने राठ. त्यांचा ठसा फोनला ओळखूच यायचा नाही, म्हणून ते नऊ ठिपक्यांवर अंगठ्याने रेघ ओढून फोन उघडत. काल गाडीत रुपेश म्हणाला, "राजेसाहेब, ती रेघ नेमकी कशी ओढता? सांगून ठेवा, अडीअडचणीला बरं." राजेसाहेब सांगायला गेले, थबकले, आणि तिथेच सगळं विसरले! नऊ वेळा चुकले. दहाव्यांदा चुकलं की फोन आपला आपण कोरा होणार होता. फोन चोरीला गेला तर, म्हणून दिवाणजींनीच तशी सोय करून ठेवली होती.

"तालुक्याचा दुकानदार म्हणतो, सगळं पुसून नव्यासारखा करून देतो," दिवाणजी म्हणाले.

"तुम्हालाच नव्यासारखं करू का? आत राणीसाहेबांचा आवाज आहे!"

राणीसाहेब जाऊन तीन वर्षं झाली होती.

रुपेश खोलीवर आला तो तोंड पाडून. लग्नाला दोनच महिने झाले होते. भिंतीवरचे हळदीचे हात अजून पिवळेजर्द होते. बायको वैजयंता बोलायची कमी, बघायची जास्त. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अहो, तुम्ही विचारेपर्यंत त्यांना येत होतं?"

"हो ना! दिवसातून वीसदा उघडायचे."

वैजयंताला हसू आलं. मागच्या आठवड्यात ती दारात रांगोळी काढत होती. सासूबाई पाठीशी येऊन उभ्या राहिल्या. "पाचव्या ठिपक्यावरून कुठे वळतेस गं?" त्यांनी विचारलं मात्र, रोजची रांगोळी हातातच अडकली! सासूबाई आत गेल्या, ही शेजारणीशी गप्पा मारू लागली, आणि रांगोळी आपोआप पुरी झाली.

ती तडक बंगल्यावर गेली. "राजेसाहेब, फोन नको मला. नुसतं त्याचं कव्हर द्या."

"कव्हर? नारळ सोडून करवंटी मागतेस?" दिवाणजी खो खो हसले.

"करवंटीचंही काम असतं दिवाणजी. तुम्ही स्वयंपाकघरात येत नाही, म्हणून माहीत नाही!"

राजेसाहेबांनी मिशीतून हसू दाबलं आणि चामड्याचं कव्हर काढून दिलं.

वैजयंताने शाळेच्या फुटक्या पाटीचा तुकडा फोनएवढा घासला, त्याला तेलाचं बोट फिरवलं, वर पांढरी रांगोळी भुरभुरवली, तीवर कुंकवाचे नऊ ठिपके दिले आणि पाटी कव्हरात बसवली.

सकाळी राजेसाहेब झोपाळ्यावर बसले. शेजारी, फोनच्या रोजच्या जागी, ते कव्हर ठेवलेलं. वैजयंता गऱ्यांची बशी घेऊन आली.

"खा पोरी तूही. आमच्या झाडाचा आहे. याच झाडाला गेल्या साली अडतीस किलोचा फणस लागला होता!"

"असेल," वैजयंता म्हणाली.

"असेल म्हणजे? आहे!"

"आमच्या माहेरीसुद्धा सगळे असंच सांगतात, राजेसाहेब. काट्यावर ठेवला की फणस बारीक होतो."

"मी खोटं बोलतो? कातळगडचा राजा खोटं बोलतो?" झोपाळा कचकन थांबला. "अगं, काट्यासकट फोटो आहे माझ्याकडे! थांब, दाखवतोच तुला!"

त्यांनी शेजारचं कव्हर उचललं, फाडकन उघडलं. डोळे वैजयंतावर रोखलेले, आणि अंगठा सरसर फिरला! वरून खाली, खालून तिरका वर, तिथून पुन्हा खाली.

"हे बघ!" म्हणून त्यांनी समोर धरली, ती पाटी! पांढऱ्या रांगोळीत कुंकवाची लालचुटुक रेघ उमटली होती, वळणावळणासकट.

राजेसाहेब कधी पाटीकडे बघत, कधी लाल अंगठ्याकडे.

"मी काही आठवा म्हटलं नाही, राजेसाहेब. फोनलाही शिवले नाही," वैजयंता हळूच म्हणाली. "ही रेघ तुमच्याच हाताची. आता बघून तशीच ओढा."

रुपेशने खिशातल्या किल्ल्या घट्ट धरल्या. दिवाणजी पुटपुटले, "शेवटची संधी आहे हं साहेब..."

"गप्प बसा! पुन्हा विसरेन!"

राजेसाहेबांनी खरा फोन खिशातून काढून मांडीवर घेतला, पाटी शेजारी ठेवली, अंगठा सदऱ्याला पुसला आणि रेघ ओढली. फोन उघडला! त्यांनी एक जागा दाबली, आणि ओसरीभर खणखणीत आवाज घुमला, "अहो, किती गरे खाल? पोट आहे की कोठार? ठेवा ती बशी खाली!"

राजेसाहेबांनी झोपाळ्यावरची बशी निमूटपणे खाली ठेवली. डोळे पुसले. मग एकदम ताठ बसून म्हणाले, "आता फोटो! बघ नीट. अडतीस!"

वैजयंताने वाकून पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"राजेसाहेब, काट्यावर तर एकोणतीस दिसतात!"

रुपेशने डोळे मिटून घेतले. आत्ताच वाचलेली नोकरी पुन्हा गेली!

आणि राजेसाहेब असे हसले, की झोपाळ्याच्या कड्या वाजल्या. "सापडलो! दिवाणजी, रुपेशचा पगार वाढवा. खोली कायमची त्यांची. आणि सूनबाई, त्या झाडाचा दरसालचा पहिला फणस तुझा!"

"घेईन की," वैजयंताने पदर सावरला. "पण वजन मी करणार!"