मागणीच्या आधीचा प्रश्न

एकदा एका तळ्यांच्या मुलुखात एक वृद्ध गुरुजी राहत होते. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी गावातल्या मासेमारी करणाऱ्या लोकांना एकत्र आणले आणि एक छोटी पतसंस्था उभी केली. कुणाला जाळे हवे असे, कुणाला डोंगा. जमीनजुमला मात्र कुणाकडेच नव्हता. शेजाऱ्याने शेजाऱ्याला जामीन राहायचे आणि संस्थेने कर्ज द्यायचे, एवढ्या विश्वासावर सारा कारभार चालत असे.

रेवती ही त्याच गावची लेक. तिच्या आईचा पहिला डोंगा या संस्थेच्या आधारानेच पाण्यात उतरला होता. शहरात शिकून ती परत आली, संस्थेची व्यवस्थापक झाली आणि गुरुजींना आपला गुरू मानून त्यांच्या हाताखाली काम शिकू लागली.

अशात बातमी आली की सरकार नवा नियम करणार आहे. जमीन किंवा घर तारण ठेवून घेतल्याशिवाय कोणत्याही पतसंस्थेने कर्ज द्यायचे नाही. नियमाचा मसुदा तयार होता, शिक्का तेवढा बाकी होता. तो बसला की गावाची संस्था उरली काय आणि न उरली काय, सारखेच. रेवतीची झोप उडाली.

त्याच हिवाळ्यात राज्यातल्या पतसंस्थांची परिषद एका डोंगरावरच्या गावी भरणार होती. पहिल्या दिवशी प्रत्येक संस्थेला सहकार आयुक्तांची थोडा वेळ भेट मिळणार होती. रेवतीने आपले म्हणणे शब्दन् शब्द घोकले. तळ्याच्या काठाने फिरत ती ते इतक्यांदा मोठ्याने म्हणाली, की पाणकोंबड्याही तिला पाहून उडेनाशा झाल्या.

परिषदेचे ते गाव धुक्यात बुडालेले होते. सभागृहाच्या खिडक्यांतून धुके आत येई, खुर्च्यांमधून संथपणे हिंडे. मंचावर बोलणारा माणूस मध्येच विरून जाई, त्याचा आवाज तेवढा उरे. रेवतीला वाटे, आपण जागे आहोत की कुणाच्या तरी स्वप्नात येऊन बसलो आहोत?

दुपारी रेवती आणि तिच्याबरोबर आलेले गुरुजी यांच्या संस्थेचे नाव पुकारले गेले. आयुक्त शाल पांघरून बसले होते, सकाळपासूनची गाऱ्हाणी ऐकून थकलेले. रेवतीने दीर्घ श्वास घेतला. पण तिच्या तोंडून शब्द फुटण्याआधीच गुरुजींनी हात जोडले आणि म्हणाले, "साहेब, हा नियम करावा असे तुम्हाला का वाटले?"

आयुक्तांनी मान वर केली.

"आज हे मला कुणी विचारले नाही," ते म्हणाले. मग सावकाश बोलू लागले. एका गावची पतसंस्था बुडाली होती. संचालक बंद दाराआड बसून आपल्याच सोयऱ्यांना कर्जे देत. जामीनदार होते, पण नुसते सहीपुरते. कर्ज कुणाचे, कशासाठी, हे त्यांनाही ठाऊक नसे. "त्या गावचा एक म्हातारा शिंपी, सारी पुंजी बुडालेला, रोज माझ्या कार्यालयाच्या पायरीवर येऊन बसायचा. मागायचा काहीच नाही. नुसता बसायचा. एक दिवस तो आला नाही. मी माणूस पाठवला चौकशीला, तेव्हा..."

ते थांबले. खिडकीबाहेरचे झाड धुक्यात हळूहळू नाहीसे होत होते. तेवढ्यात घंटा वाजली. भेटीची वेळ संपली. गुरुजींनी नमस्कार केला आणि ते उठले.

बाहेर ओसरीवर येताच रेवतीचा बांध फुटला. "गुरुजी, हे काय केलंत तुम्ही? एवढ्या लांबून आलो आणि आपलं एक अक्षरही सांगितलं नाही! गावात काय तोंड दाखवू मी? आईला काय सांगू?"

गुरुजी कठड्याला टेकून बसले. त्यांनी तिलाही बसायला खूण केली.

"रेवती, तू काय सांगणार होतीस?"

"हेच, की आपली माणसं प्रामाणिक आहेत. जमीन नसली तरी शब्दाला जागतात."

"आणि ते खरेच आहे. पण तुझ्यासमोर बसलेल्या माणसाच्या मनात तो शिंपी बसला आहे. तू कितीही गोड बोललीस तरी प्रत्येक शब्द त्या शिंप्याला ओलांडून आत जायला हवा. बाळ, समोरच्याचे भय ठाऊक नसताना केलेली विनंती वाऱ्यावर जाते. आज आपल्याला त्याचे भय कळले. आता ते भय खोटे आहे का, हे आधी स्वतःला विचार. परिषद अजून संपलेली नाही. इथे एवढी माणसे जमली आहेत, ती काय नुसती जेवायला?"

एवढे बोलून ते डोळे मिटून बसले. रेवती रागाने उठली आणि धुक्यात चालू लागली.

चालता चालता राग ओसरला, प्रश्न मात्र राहिला. आपल्या संस्थेत कर्ज कोण ठरवते? गुरुजी आणि चार संचालक. कुठे? आतल्या खोलीत, दार लोटून. गुरुजी आहेत म्हणून सारे नीट चालले आहे. उद्या त्या खुर्चीवर दुसराच कुणी बसला तर? आयुक्तांचे भय खोटे नव्हते. ते तिच्याच गावाच्या उंबरठ्यावर उभे होते आणि तिने त्याच्याकडे कधी पाहिलेच नव्हते.

मग ती माणसांत मिसळली. चहाच्या टेबलाशी, जेवणाच्या रांगेत, ओसरीवर ती एकच गोष्ट विचारत राहिली, "तुमच्याकडे कर्ज कसं ठरवता?" बरेच जण आपल्या नव्या इमारतीबद्दल आणि मिळालेल्या पुरस्कारांबद्दल बोलत. ती तेही ऐकून घेई आणि पुढे जाई. दुसऱ्या दिवशी उन्हाची तिरीप आली तेव्हा पायरीवर ऊन खात बसलेल्या अनसूयाबाई तिला भेटल्या. दूरच्या एका बुरुड वस्तीतल्या संस्थेच्या त्या अध्यक्ष होत्या.

"आमच्यात खोलीच न्हाई बाई, तर दार कुठलं लावायचं?" त्या हसून म्हणाल्या. "झाडाखाली सभा. कर्ज मागणारा उभा राहनार, जामीन उभा राहनार, आणि ज्याला शंका त्यानं तिथंच इचारायचं. पाठीमागं बोलायचं न्हाई."

रेवती त्यांच्यापाशी उन्हे कलेपर्यंत बसली. त्या संध्याकाळी तिने गुरुजींना सारे सांगितले. मनातली शंकाही सांगितली, जरा चाचरतच, कारण लोटलेले ते दार गुरुजींचेच होते. गुरुजी म्हणाले, "हे मला कुणीतरी दाखवायला हवे होते. बरे झाले, तू दाखवलेस."

शेवटच्या दिवशी खुल्या सभेत आयुक्त मंचावर होते. रेवती उठून उभी राहिली. घोकलेले काहीच तिला आठवले नाही, आणि त्याची खंतही वाटली नाही.

"साहेब, तुमची भीती बरोबर आहे," ती म्हणाली. "आमच्याकडेही कर्ज दाराआड ठरतं. आजवर काही बिघडलं नाही, पण ते आमचं नशीब. हे दार आम्ही उघडतो. साऱ्या गावासमोर कर्ज ठरवतो. तुम्ही येऊन बघा आणि मगच नियमावर शिक्का मारा."

आयुक्तांनी विचारले, "आणि मला ते पटलं नाही तर?"

"तर आम्ही दुसरा उपाय शोधू. पण तुम्ही या."

आयुक्त आले. उन्हाळा लागला होता, तळ्याचे पाणी आत सरले होते आणि काठावर शिंगाड्यांचे वेल सुकत पडले होते. वडाखाली सभा भरली. एक तरुण कोळी उठला आणि नव्या जाळ्यासाठी कर्ज मागू लागला. लोकांनी त्याला भंडावून सोडले. मागचे जाळे कसे फाटले? दारू सुटली का? त्याच्यासाठी जामीन म्हणून शेजारची फुलाबाई उभी राहिली.

आयुक्तांनी तिला विचारले, "बाई, याने कर्ज फेडलं नाही तर?"

फुलाबाईने पदर सावरला. "तर मी कुठं जाईन जी, साहेब? याचं दार अन् माझं दार समोरासमोर हाये. हा बुडवन तर रोज सकाळी उठून मलेच पाहन. म्हनून आधी मीच त्याले खोदून खोदून इचारलं."

आयुक्त पाण्याकडे पाहत राहिले. दूरवर एक डोंगा उन्हाच्या झळांमध्ये तरंगत होता, पाण्यावर की हवेत ते कळत नव्हते. रेवतीच्या ओठांवर पुष्कळ काही आले होते. नियमाबद्दल, गावाबद्दल, आईबद्दल. तिने गुरुजींकडे पाहिले. तेही गप्प होते. मग तीही गप्प राहिली. आत्ता त्या माणसाच्या मनात तो म्हातारा शिंपी पायरीवरून उठून जात आहे, त्याला वाट दिली पाहिजे, हे तिला उमगले.

पावसाळ्यापूर्वी नियम निघाला. जिथे कर्ज खुल्या सभेत ठरते, तिथे शेजाऱ्याची जामीनकी पुरेशी मानावी, असे त्यात एक कलम होते.

आपणही कधी ना कधी कुणाच्या तरी दारी आपले म्हणणे घेऊन जातो. जाताना कान रिकामे ठेवले, तर येताना हात रिकामे राहत नाहीत.