डॉक्टरांचा निर्जळी उपास

कराडचे दातांचे डॉक्टर खासनीस कुणाचं म्हणून ऐकत नसत. त्यांच्या दवाखान्यात दाढ कोरताना पाणी फवारणारी एक बारीक नळी होती. रविवारच्या सुट्टीत नळीत पाणी साचून राही आणि आत जंतूंचा बुळबुळीत थर धरे. म्हणून मदतनीस विमलताई दर सोमवारी विनवत, "डॉक्टर, पेशंट घ्यायच्या आधी दोन मिनिटं नळी वाहू द्या. अधूनमधून औषधानं धुऊ द्या."

त्या सोमवारी बाहेर सात पेशंट गाल धरून बसले होते. त्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात डॉक्टर गरजले, "मला शिकवता? माझ्या नळीतलं पाणी म्हणजे गंगाजल!"

विमलताईंनी नळीचं पाणी पेल्यात धरलं आणि पेला पुढे केला. "बोलून घसा कोरडा पडला असेल. घ्या."

डॉक्टरांनी पेल्याचा वास घेतला आणि दोन पावलं मागे सरले. "आज माझा निर्जळी उपास आहे!"

त्यांच्या मिशीला मात्र सकाळच्या वड्याची चटणी लागलेली होती. विमलताईंनी ती पाहिली. त्या पेला घेऊन दारात गेल्या.

"मंडळी, आज डॉक्टरांचा उपास आहे, त्यांना हे गंगाजल चालत नाही. ज्यांचा उपास नसेल, त्यांनी आधी आत यावं."

सातही तोंडं घट्ट मिटली. मग त्यांच्यातले इनामदारचाचा हळूच म्हणाले, "माझा रोजा आहे."

"आमचाही!" बाकीचे सहा जण, देवळातल्या गुरवासकट, एका सुरात म्हणाले.

आतून डॉक्टरांचा आवाज आला, "विमलताई, नळी वाहू द्या. दोन नको, चांगली पाच मिनिटं!"